जाड टोकाची सुई

जितकं बारीक तितकं चांगलं, यावर घड्याळजींची श्रद्धा होती. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ केल्या होत्या. जगात जे काही जाड आहे ते कुणीतरी घाईघाईत उरकलेलं, असं त्यांचं साधं मत होतं. त्यामुळे जुन्या टर्नटेबलांच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर तीन कार्ट्रिजं, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डब्या, मांडली आणि नेमकी सगळ्यात जाड सुईची पुढे सरकवली, तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बाई, मी साधा दिसतो म्हणून काहीही गळ्यात मारू नका. ती पलीकडची द्या. टोक बघा तिचं, काय कारागिरी आहे!"

"कारागिरी आहेच," बाई म्हणाल्या. त्यांच्या कानावर पेन्सिल होती आणि बोटांना वंगणाचे डाग. "पण काका, तुमची तबकडी केव्हाची?"

"पन्नास वर्षं तरी झाली असतील."

"मग तिची चर रुंद असणार. बारीक सुई थेट तळाशी जाऊन बसेल. तळाला काय असतं? कचरा आणि खरखर. गाणं असतं चरीच्या दोन्ही भिंतींवर. दोन्हीकडे टेकेल अशी सुई हवी. म्हणून जाड."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं. एकेक सुई पालथी करून पाहिली, मग बाईंनी दिलेल्या एका जुन्या तबकडीची चर पाहिली, मग पुन्हा सुई. दुकानात आलेलं दुसरं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. शेवटी भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "चुकलो. जाडच द्या." चूक दिसली की ती तिथल्या तिथे कबूल करायची, हा त्यांचा चांगला गुण होता. दिसायला मात्र भिंग लागायचं.

टर्नटेबल त्यांनी आधीच पसंत केलं होतं. लाकडी खोकं, जड चकती, तीन वेग. त्यावर खडूने ठिपका करून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे स्वतः मोजले होते. बाईंना हसू आवरेना.

"एवढं कुणाचं गाणं आहे, काका?"

"ताईचं. माझ्या थोरल्या बहिणीचं."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांची असताना ताईने एका गायनस्पर्धेत पहिला नंबर काढला. बक्षीस म्हणून तिथल्या तिथे तिचं गाणं तबकडीवर कोरून दिलं. छापलेली नव्हे, कोरलेली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा लेप, त्यावर गाणं, आणि जगात प्रत एकच. घरातला ग्रामोफोन मोडला तेव्हापासून ती ताईच्या कपाटात कपड्यांच्या घडीत पडून होती. आठ महिन्यांपूर्वी ताईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. समजतं सगळं, बोलता येत नाही.

"मागच्या महिन्यात तिने डाव्या हाताने ती तबकडी ओढून काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं." घड्याळजी हातातलं भिंग उगाच पुसू लागले. "तिला तिचा आवाज ऐकायचाय. आणि खरं सांगू? मलाही ऐकायचाय. विसरायला लागलोय मी."

बाईंनी कानावरची पेन्सिल काढून खाली ठेवली. "एकदा इकडे आणा ती. बघते, मगच लावू."

"छे! ती घराबाहेर काढायची नाही."

"बरं. पण मग निदान स्वच्छ करताना—"

"स्वच्छतेचं मला शिकवू नका, बाई. घड्याळजी आहे मी."

बाईंनी हसत हात जोडले. तेवढ्यात दुकानातला फोन वाजला आणि पुढचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

ताईने घड्याळजींना अंगाखांद्यावर वाढवलं होतं. आई लवकर गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि हे महाशय पाच. आठव्या वर्षी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ खाली काढून साबणाच्या पाण्याने धुतलं. मळलेलं होतं म्हणून धुतलं, एवढाच गुन्हा. तबकावरचे आकडे पाण्याबरोबर वाहून गेले. वडील संध्याकाळी आले, दोन काटे आणि कोरं पांढरं तबक बघून कडाडले, "कुणी केलं हे?" घड्याळजी पाटाखाली लपायच्या बेतात होते. ताई पुढे झाली, छातीवर तळहात ठेवून म्हणाली, "मी." मार तिने खाल्ला. रात्री पाठीला तेल लावून घेताना ती एवढंच म्हणाली, "आता निदान दुरुस्त करायला तरी शीक." ते शिकले. पुढे सगळा जन्म त्याच शिकण्यावर काढला.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर घड्याळजींनी टेबलावर पांढरं कापड पसरलं. ताई खिडकीशी आरामखुर्चीत बसली होती. आज तिने वहिनीकडून, म्हणजे घड्याळजींच्या बायकोकडून, केस नीट विंचरून घेतले होते. पाहुणे येणार असल्यासारखी ती बसली होती.

कार्ट्रिज बसवण्यात त्यांचा तास गेला. चार बारीक तारा, चार रंग, दोन स्क्रू. सुई एका रेषेत आली की नाही हे भिंगातून सात वेळा पाहिलं. सुईच्या दांडीचं वजन तोललं, तबकडीला भार होऊ नये म्हणून चालेल तितकं हलकं ठेवलं. इतकं चोख काम त्यांनी अलीकडे केलं नव्हतं. मध्येच ताईकडे बघून ते म्हणाले, "बघ हं, बक्षीस देशील."

मग पाकिटातून तबकडी निघाली. वर पांढुरकी बुरशी चढली होती. घड्याळजींनी खणातून बाटली काढली, घड्याळाचे भाग धुवायच्या स्पिरिटची. त्यांनी आयुष्यात जे जे हाती घेतलं ते आधी स्पिरिटने पुसलं होतं. नवं भिंगसुद्धा. कापड भिजवलं आणि कडेपासून आत, गोलगोल, चरीच्या दिशेने हात फिरवायला सुरुवात केली. मधला कागद ओला झाला तर शाई फुटेल म्हणून कागदापासून बोटभर जागा सोडली. त्या कागदावर ताईचं एकोणिसाव्या वर्षीचं अक्षर होतं.

कापड काळंकुट्ट झालं. "बापरे, किती हा मळ!" ते खुशीत म्हणाले. "पन्नास वर्षांचा आहे, ताई." कापडाची दुसरी बाजू घेतली. तीही काळी झाली. ते आणखी मन लावून पुसू लागले.

काळ्यातून पांढरं काहीतरी चमकलं तेव्हा त्यांचा हात थांबला. त्यांनी भिंग लावलं. चरी कुठेच नव्हत्या. लेप मऊ पडून पसरला होता आणि खालून पत्रा दिसत होता.

तरीही त्यांनी तबकडी चकतीवर ठेवली, कारण ताई बघत होती आणि दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. सुई टेकवली. खोलीभर घरघर भरली, कुठेतरी दळण चालू असावं तशी. एक मिनिट गेलं, दोन गेली. सुई घसरायची, ते बोटाने उचलून आत ठेवायचे. ताईने डोळे मिटले होते. ती ती घरघरसुद्धा ऐकत होती.

कागदाजवळच्या त्या बोटभर पट्टीवर सुई पोचली आणि घरघर एकदम थांबली. "झालं का?" एक मुलगी म्हणाली आणि खुदकन हसली.

ती ताई होती. गाणं संपल्यावर कोरणाऱ्या माणसाला तिने विचारलेलं, चुकून राहिलेलं. लहानपणी घरातले सगळे तेवढ्यासाठी शेवटपर्यंत थांबायचे. सुई तिथेच अडकली आणि मुलगी पुन्हा म्हणाली, "झालं का?" पुन्हा हसली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा घड्याळजींनी दांडी उचलली. पुढे त्यांच्याने ऐकवेना.

"वाजलं का हो?" वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "मला वन्संचा आवाज आल्यासारखा वाटला." मग तिला चकतीवरचा तो चट्ट्यापट्ट्यांचा पत्रा दिसला. "अगं बाई! अहो, हे काय? कुणी केलं हे?"

घड्याळजींनी तोंड उघडलं. काळं कापड त्यांच्या मुठीतच होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तबकडीवर पडेल म्हणून ते दोन पावलं मागे सरले, ताईच्या खुर्चीपर्यंत.

ताईने डावा हात पुढे केला. त्यांची मूठ एकेक बोट करून उघडली, कापड काढून घेतलं आणि ते स्वतःच्या मांडीवर, पदराखाली दडवलं. मग वहिनीकडे सरळ बघत तिने काळा झालेला तळहात आपल्या छातीवर ठेवला.