मागचं दार नसलेलं घर

आई गेली त्याच उन्हाळ्यात तिच्या गाठीतल्या पेशींनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत गाव वसवलं. उल्का म्हेत्रे रोज सकाळी अ‍ॅप्रन चढवून त्या गावात उतरायची. तिचं कामच ते होतं. कर्करोगाच्या पेशीतलं एकेक जनुक बंद करायचं आणि कुठलं बंद पडलं की गाठ जगूच शकत नाही, ते हुडकायचं. बशीत प्रत्येक जनुकाचं एक घर झालं होतं, एवढाच फरक.

ती घराला बाहेरून कडी लावायची. आतली माणसं निमूट मागच्या दारानं निघून शेजारच्या घरात शिरायची, तिथली चूल पेटवायची, आणि गाव आपलं चालू. मात्र प्रत्येक कडीसरशी गल्ली आखडायची. पुढं पुढं तिला अंग चोरून चालावं लागलं.

"एखाद्या घराला मागचं दार नसणार," विभागप्रमुख डॉ. चिटणीस बशीवर वाकून म्हणाले. त्यांचा आवाज आभाळातून आला. "तिथंच औषधानं घाव घालायचा."

ते घर सापडलं तेव्हा आत आई वाल सोलत बसली होती. उपचारांत गळलेले केस परत आले होते.

"जेवलीस का गं?"

"हो."

उल्कानं चारही भिंती चाचपल्या. मागचं दार नव्हतं.

"आई, या घराला कडी लावली की सगळं गाव विझेल."

आईनं थोडा विचार केला. "दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर होती ती शहाद्याची पोरगी, फरजाना. तिलाही माझ्यासारखीच गाठ ना?"

"हो. कुठलंच औषध लागू पडत नाहीये तिला."

"मग लाव की."

"तू आत आहेस."

"मी कुठं जाणार आता?" आईनं ओंजळभर सोललेले वाल तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात घातले. "जा. उगाच रेंगाळू नकोस."

उल्का बाहेर आली. कडी रोजच्यासारखी सहज लागली, त्याचंच तिला रडू आलं. गावातल्या चुली विझत गेल्या. गल्ली इतकी आखडली की तिची पाठ पाठीमागच्या घराच्या भिंतीला टेकली आणि कपाळ दाराला. दार कागदासारखं पातळ झालं होतं. पलीकडून आईनंही कपाळ टेकवलं होतं.

"विझलं का?" वरून डॉ. चिटणीस विचारत होते.

आईचं कपाळ अजून कोमट होतं.