काचेतली वाकळ

हरिश्चंद्रची बायको रुक्मिणी गेली तो कुडाळच्या बाजाराचा दिवस. तो एका प्रसिद्ध लेखकाच्या जन्मघराचं अंगण झाडत होता तेव्हा फोन आला. भाजी घेता घेता ती खाली बसली ती उठलीच नाही. त्याने घर बघायला आलेल्या पाहुण्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि रिक्षा मिळेना म्हणून रस्त्याने पळत सुटला.

दिवसकार्य उरकल्यावर त्याने कपाट उघडलं. रिकामं.

"सुशीला, तिच्यो साड्यो खंय?"

"व्हाळाच्या पाण्यात सोडलंय, दादा. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवतत काय?"

"एक तरी ठेवची गो!"

बहिणीने कपाटाचं दार लोटलं. तिने रीतच पाळली होती.

मग त्याला वाकळ आठवली. जन्मघर सांभाळायचं काम दोघा नवराबायकोचं. ते लोकांना खुलं झालं तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतली खाट उघडी होती. रुक्मिणीने आपल्या जुन्या साड्यांची शिवलेली वाकळ घरून आणून पसरली. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने विचारलं, "ही लेखकाच्या आवशीची काय गो?" तिला नाही म्हणवेना. मग लेखकाच्या आईची म्हणूनच सांगायची सवय लागली. पुढे जन्मघराच्या समितीने वाकळीला काचेची पेटी केली, पाटी लावली. रुक्मिणी घरी येऊन हसायची, "माझी वाकळ माझ्यापेक्षा म्हातारी झाली!"

हरिश्चंद्र समितीच्या जितेंद्रकडे गेला. "जितू, पेटयेची चावी दी. ती वाकळ माका व्हयी."

"काकानू, लोक मुंबयसून ती बघूक येतत. आता खोटा म्हणून सांगला तर तोंडात शेण घालतीत. आणि इतकी वर्षां सांगत होती कोण? आमची काकीच ना?"

"दुसरी ठेव रे. माझ्या घरातली घे."

"फोटो सगळीकडे गेलेत, काका. दुसरी चालणार नाही." जितेंद्र एकदम ऑफिसातलं मराठी बोलायला लागला तेव्हाच हरिश्चंद्रला कळलं, चावी मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो हातोडी घेऊन पेटीपुढे उभा राहिला. हात उगारला. मग मनात आलं, काच वाकळीवरच पडणार. कण टाक्यांत शिरले तर ती अंगावर कशी घ्यायची? त्याने हातोडी खाली ठेवली.

तेवढ्यात पुण्याचं एक जोडपं आत आलं. बाई पेटीवर वाकल्या. "काय टाके आहेत हो आईंचे!"

"ती माझ्या बायकोची आहे, बाई. रुक्मिणीची."

नवरा बाईंच्या कानाशी लागला. "बायको गेलीय त्यांची. बाहेर चहावाला सांगत होता."

बाईंनी हरिश्चंद्रचा हात हातात घेतला. "होतं असं, काका. सावरा."

"तिचीच आसा!" तो ओरडला. "तिचीच आसा ती!"

दोघं घाईघाईने बाहेर पडली. तो काचेला कपाळ लावून उभा राहिला. काचेतून कसलाच वास येत नव्हता.

रविवारपासून रुक्मिणीच्या जागी वाकळीची माहिती त्यानेच सांगायची, असा समितीचा निरोप आला आहे. चावी जितेंद्रकडेच आहे. वाकळ घरी आणायची अजून राहिली आहे.