भाजी लिफ्टने, बाई जिन्याने

मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला मळेवाल्या मावशींची हातगाडी इमारतीच्या दारात थांबली. वस्तीच्या कडेला मावशींचा एवढासा मळा. इमारतीतली अकरा घरं त्या मळ्याची सभासद होती. दर आठवड्याला टोपलीभर ताजी भाजी घ्यायची आणि रविवारी जमेल त्याने खुरपणीला हात लावायचा. या घरांच्या जिवावरच मळा तगून होता, नाहीतर शेजारच्या गोदामवाल्याने तो केव्हाच गिळला असता.

रखवालदाराने टोपल्या लिफ्टमध्ये ठेवल्या, वाटप पाचव्या मजल्यावर व्हायचं म्हणून तिथलं बटण दाबलं आणि तो बाहेर आला. मावशी जिन्याकडे धावल्या. लिफ्टशेजारी पाटीच होती: ‘कामकरी व विक्रेते यांनी जिना वापरावा.’ टोपलीला मुभा, टोपली भरणारीला नाही! हा नियम सेक्रेटरीसाहेबांचा. पाचव्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ मळ्यातली भाजी मिटक्या मारत खायचे आणि वर म्हणायचे, “शिस्त म्हणजे शिस्त.” शिस्त कसली, शुद्ध माज होता तो.

त्या दिवशी टोपल्या वर पोचल्या, मावशी काही पोचल्या नाहीत. सेक्रेटरींची सून बघायला उतरली, तर त्या तिसऱ्या मजल्याच्या वळणावर छाती धरून बसलेल्या.

“मावशी, काय होतंय? डॉक्टरकडे जाऊ या.”

“काही नाही गं, दम लागला. पण पुढच्या आठवड्यापासून मी नाही यायची, पोरी. साठी उलटली, आता हे मजले होत नाहीत. त्या गोदामवाल्याला हो म्हणून टाकते.”

वरून सेक्रेटरी ओरडले, “आधी त्या टोपल्या उचला! लिफ्ट अडून राहिलीये!”

दुपारी जेवताना सुनेने विषय काढलाच. “बाबा, ती पाटी काढा.”

“आज मळेवाली, उद्या सगळा बाजार चढेल लिफ्टमध्ये. तिच्या पायांना किती चिखल असतो, बघितलंस कधी?”

सासूबाई वाढता वाढता थबकल्या. अशा वेळी गेली चाळीस वर्षं त्या ‘जाऊ दे’ म्हणत आल्या होत्या. आज म्हणाल्या नाहीत.

“रविवारी मीही येते खुरपायला,” एवढंच त्या सुनेला म्हणाल्या.

रविवारी वाफ्यांना नुकतंच पाणी दिलेलं होतं. काम उरकलं तेव्हा सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. मावशींनी पाय धुवायला बादली आणली.

“राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या. “असेच जाऊ या. आणि तुम्हीही चला आमच्याकडे चहाला.”

सेक्रेटरी खालीच उभे होते. चिखलाची रांग बघून त्यांचा पारा चढला.

“अगं, हे काय? लादीचा सत्यानाश झाला!”

“मी पुसेन. आजवर कोण पुसत आलंय?”

“ताई, माझ्यासाठी भांडण नको,” मावशी मागे सरकल्या.

“तुमच्यासाठी कुठे? मी माझ्यासाठी भांडतेय.” सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि नवऱ्याकडे वळल्या. “जिच्या हातची भाजी चालते, तिचे पाय चालत नाहीत? मग माझेही चालवून घेऊ नका. सांगा, जाऊ का आम्ही दोघी जिन्याने? सगळ्या इमारतीसमोर सांगा.”

सासूबाईंनी मावशींना लिफ्टमध्ये नेलं. पाठोपाठ सून आणि आणखी तिघी शिरल्या. लिफ्ट भरली आणि दार बंद झालं.

“पुढची खेप आमची हं,” मागे थांबलेले शेजारी म्हणाले. कुणीही बाजूला सरकेना, तेव्हा सेक्रेटरी निमूट जिन्याकडे वळले.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना धाप लागली. कठडा धरून ते तिथेच बसले. वरून बायकोचा आवाज आला, “मग मावशी, मंगळवारी येताय ना?”

“येते की!” मावशी म्हणाल्या.

पाटी सोमवारी निघाली. सेक्रेटरींनी काढली की सुनेने, याची चौकशी आम्ही केली नाही. पण वाचकहो, तुमच्या इमारतीतली पाटी अजून तिथेच आहे, आणि तुम्ही रोज तिच्या शेजारून लिफ्टमध्ये शिरता.