आण्णा म्हणतील ते

"आधी आण्णांना फोन लावा, वहिनी. मगच मशीन उघडा," म्हणत शाळेचा हेडक्लार्क शिवयोगी प्रिंटरवर हात ठेवून उभा राहिला.

हेमावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात रस्त्याजवळच्या या शाळेचा लेझर प्रिंटर तीच दुरुस्त करत आली होती. नवऱ्याचा, म्हणजे आण्णांचा, उजवा हात लुळा पडल्यापासून अख्खं सोलापूर तीच पालथं घालत होती. पण दुकान आण्णांचं, कौतुक आण्णांचं आणि मेली दगदग तेवढी हिची! आज देखभालीचं वर्षाचं काम नव्यानं ठरायचं होतं. ते स्वतःच्या नावावर करून घ्यायचंच, असं मनाशी घोकत ती निघाली होती. घरी मात्र बोलली नव्हती.

प्रिंटरचं दुखणं तिनं केव्हाच ओळखलं होतं. दाखल्यावरची अक्षरं काळीभोर उमटत होती, पण बोट लागलं की पुसली जात होती. शाईची भुकटी तापवून कागदावर पक्की बसवणारा फ्यूजर गेला होता.

शिवयोगीनं स्वतःच फोन लावून स्पीकरवर टाकला. प्रिंट कशी येते हेसुद्धा न विचारता आण्णांनी निकाल दिला, की ड्रम गेलाय, बदला. अहो, ड्रमचं काम अक्षर उमटवायचं, ते तर नीट उमटतंय, नुसतं हाताला लागतंय, ड्रमचा काय संबंध, असं हेमावतीनं सांगून पाहिलं.

"मी सांगतोय तेवढं कर," आण्णा खेकसले.

ऐकलात रुबाब? घरी शर्टाची बटणं हिच्याकडून लावून घ्यायची आणि चारचौघांत हा तोरा!

तिनं मुकाट्यानं ड्रम बदलला. दाखला निघाला. शिवयोगी खुलला, शेवटी आण्णा ते आण्णाच, म्हणाला. हेमावतीनं कागद त्याच्यासमोर ठेवला आणि दाखल्यावरच्या मुलीच्या नावावरून अंगठा ओढला. नावाच्या जागी काळा फराटा राहिला.

"हा द्यायचा का पोरीला?"

फोन चालूच होता. आण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"अगं, मला विचारत जा की. हात तर गेलाच. आता बोलायचंबी तूच करायलीस, मग मी कशाला हाय?"

हे ऐकूनही तिचा राग काही ओसरला नाही, उलट जास्तच भडकला. या एका वाक्याच्या धास्तीनं तिनं इतकी वर्षं तोंडाला कुलूप घातलं होतं.

"तुमी घरी हायच की. हितं मी हाय," ती म्हणाली आणि फोन तिनंच बंद केला.

मग तिनं शिवयोगीला बजावलं, की वर्षाचं काम माझ्या नावावर लिहा, नाहीतर दुसरा माणूस बघा. तो चाचरला, त्यानं दाराकडे बघून घेतलं, मग पेन उघडलं आणि तो तिथंच थांबला.

"वहिनी, तुमचं नाव काय हो?"

"हेमावती," तिनं सांगितलं. तो शेवटचं अक्षर लिहीपर्यंत तिनं स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही.