नटोबा रुसले

फोरमन वर्कशॉपच्या दारात दिसले की बोलणारे गप्प व्हायचे आणि गप्प बसलेले कामाला लागायचे. निवृत्तीनंतरही तो दरारा त्यांनी अंगावरून उतरवला नव्हता. लेकीच्या चित्रप्रदर्शनाला जाताना त्यांनी हाताखालच्या दोघा जुन्या माणसांना, वेल्डरला आणि स्टोअरकीपरला, मुद्दाम सोबत घेतलं. पोरीचं कौतुक त्यांनीही बघावं, एवढाच हेतू.

पण तिच्या सगळ्यात मोठ्या चित्रापुढे उभे राहिले आणि तिघंही चक्रावले. निळ्यापिवळ्या रंगांचे फराटे. त्यांत चिकटवलेल्या जुन्या फ्रॉकच्या चिंध्या, लोकरीचा गुंता, गंजके वॉशर, एक ताणलेली स्प्रिंग. आणि मधोमध, पाठ फिरवून बसल्यासारखा, भलामोठा नट.

"साहेब," वेल्डर हळूच म्हणाला, "आपला भंगाराचा डबाच सांडलाय जणू."

स्टोअरकीपर फिसकन हसला. फोरमनही हसले.

तेवढ्यात लेक माइकपाशी आली. "माझी आई नर्स होती. तिला रात्रपाळी असली की मला बाबा झोपवायचे. त्यांना एकही बडबडगीत येत नव्हतं. मग काय, आपल्या कामातलीच गाणी रचायचे." आणि तिनं म्हणूनच दाखवलं,

"नटोबा रुसले,
डब्यात जाऊन बसले,
पानेमामा आले,
कान पिळून गेले!

हे चित्र त्याच गाण्यांचं आहे. बाबा, या ना इकडे."

सगळ्यांच्या माना वळल्या. वेल्डरचे डोळे विस्फारले. "साहेब, तुम्ही? नटोबा?" स्टोअरकीपरनं तर हसू दाबायला रुमालच तोंडात कोंबला.

फोरमनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "छे! काहीतरीच," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मला कुठली गाणी येतात? तिच्या आईची असतील. एवढीशी होती, तिला काय आठवणार, कप्पाळ!"

लोक हसले. लेक हसली नाही. "असेल तसंही," म्हणाली आणि माइक दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला झाली.

घरी आल्यावर फोरमनना घास गिळवेना. वाघासारखा माणूस, पण हाताखालच्या दोघांच्या हसण्याला भ्याला आणि पोटच्या पोरीला चारचौघांत खोटं पाडून आला. बायको असती तर तिनं तिथंच खडसावलं असतं. आता खडसावायलाही कोणी नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. चित्राशेजारी नवी पाटी होती: 'आईच्या बडबडगीतांवरून'.

"ही बदल," ते म्हणाले. "गाणी माझी आहेत."

"काल तुम्हीच नाही म्हणालात."

"खोटं बोललो."

"मला माहीत आहे, बाबा. पण खोटी मी ठरले."

फोरमननी फोन काढला, वेल्डरला आणि स्टोअरकीपरला असतील तसे बोलावून घेतलं. दोघं धापा टाकत आले. चित्र बघायला आलेली चार माणसंही कुतूहलानं थबकली.

"काल मी थाप मारली," फोरमन म्हणाले. मान खाली होती. "ही खरं बोलत होती. ऐका." आणि ज्या आवाजात जन्मभर हुकूम सोडले त्याच आवाजात, बेसूर, त्यांनी नटोबाचं गाणं म्हटलं. मग बोल्टूबाईचं. तिसरं मध्येच सोडून ते चित्रातल्या नटाकडे बघत राहिले.

वेल्डर हसला नाही. त्यानं नुसती टोपी काढून हातात घेतली.

लेकीनं पाटी काढली, कोरा पुठ्ठा पुढे केला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा."

त्यांनी लिहिलं: 'बाबांच्या बडबडगीतांवरून'. अक्षर वाकडंतिकडं आलं. तिनं ते तसंच लावलं. "माफ केलं" असं काही ती म्हणाली नाही, आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही.