घडी घातलेलं पत्रक

दवाखान्यात पाच डॉक्टर होते आणि एक अक्का होत्या. डॉक्टर बदलत. अक्का अठ्ठावीस वर्षं त्याच.

रांग लावणं, केसपेपर आत नेणं आणि पत्रकं फिरवणं ही त्यांची कामं. वरच्या कार्यालयातून पत्रक आलं की ते वहीत चिकटवायचं, वही पाचही खोल्यांत न्यायची, प्रत्येक डॉक्टरने खाली 'वाचले' लिहून सही करायची. अक्कांच्या आधीच्या बाईंना याला दोन दिवस लागत. अक्का पंचवीस मिनिटांत मोकळ्या होत. त्यांनी त्यावर एक युक्ती काढली होती. पत्रकाची अशी घडी घालायची, की सगळा मजकूर आत जाईल आणि सहीपुरती पट्टी तेवढी बाहेर राहील. डॉक्टरला मान वर करायचंसुद्धा काम नाही. गोळ्या लिहिता लिहिता पेन जरा बाजूला वळवलं की झालं. आपल्याकडे एकही पत्रक अडून राहत नाही, असं मोठे डॉक्टर वरच्या साहेबांपुढे म्हणाले होते, तेव्हा अक्का दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढचे चार दिवस मान ताठ ठेवली.

पत्रक वाचत त्या एकट्या अक्का. शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथीचं फारसं काही खरं नाही. पण आपल्या हातातल्या कागदात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना सोसत नसे. डिंक वाळेपर्यंत त्या बोट ठेवून एकेक अक्षर लावत. असं वाचलेलं लवकर विसरायला होत नाही.

सोमवारी पत्रक आलं ते डासांचं. बाहेरच्या देशात एक नवा ताप आहे, त्यात अंगावर लाल पुरळ येतं आणि डोळे लाल होतात, तो डासांमधून पसरतो, आणि तिकडून येणाऱ्या माणसांबरोबर इकडे येऊ शकतो. तापाच्या प्रत्येक रोग्याला विचारावं, की गेल्या दोन आठवड्यांत कुठून आलात. संशय वाटला तर पहिल्या पाच दिवसांत रक्त तपासणीला पाठवावं. रोग्याला मच्छरदाणीत ठेवावं, कारण त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावला की ताप पुढे गेला. घरात गरोदर बाई असेल तर तिला जास्त जपावं, पोटातल्या बाळाला धोका आहे. तापाचं नाव एवढं अवघड होतं की अक्कांनी ते सोडून दिलं. बाकी सगळं लक्षात राहिलं. पाच सह्या पंचवीस मिनिटांत झाल्या.

गुरुवारी अक्कांचे जावई आदल्या दिवसापासूनचा ताप घेऊन दवाखान्यात आले. यंत्रं बसवायच्या कामावर ते सहा महिने परदेशात होते, येऊन नऊ दिवस झाले होते. बायकोला सातवा महिना, ती बाळंतपणासाठी अक्कांकडे, म्हणून तेही सासुरवाडीलाच मुक्कामाला. नोकरीच्या जोरावर घरच्या माणसाला पुढे घ्यायचं नाही, हा अक्कांचा नियम. जावई म्हणून काही वेगळा बाक नव्हता. "बसा रांगेत," एवढंच त्या बोलल्या. कुठून आलात ते डॉक्टर विचारतीलच, असं त्यांनी धरलं. सत्ताविसावा नंबर लागला. तीन नंबरच्या खोलीतल्या तरुण डॉक्टरांनी साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या.

संध्याकाळी घरी जावयांनी पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला तर हातभर लाल पुरळ. डोळेही लाल. लेक शेजारीच उशीला टेकून बसली होती आणि पायावरचे डास हाकलत होती.

"डॉक्टरांनी कुठून आलात ते विचारलं का?" अक्कांनी विचारलं.

"नाही," जावई म्हणाले. "म्हणून मीही काही बोललो नाही. बाहेर केवढी रांग होती."

अक्कांनी माळ्यावरच्या दोन मच्छरदाण्या काढल्या. लेकीला आतल्या खोलीत एकीत घातलं, जावयांना बाहेरच्या खोलीत दुसरीत. लेक म्हणाली, आई, नऊ दिवसांपूर्वी नवरा आलाय माझा, आणि तू त्याला पिंजऱ्यात ठेवतेस. अक्का म्हणाल्या, तुलाही ठेवलंय.

शुक्रवारी, म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी, त्या तीन नंबरच्या खोलीत गेल्या. अठ्ठावीस वर्षांत घरच्या माणसासाठी तोंड उघडायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे आवाज नको तेवढा कडक निघाला. सत्तावीस नंबर आपले जावई, परदेशातून आलेत, घरात गरोदर लेक आहे, तो नवा ताप असेल तर आजच रक्त घ्या, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. बाहेर चाळीस माणसं होती. पेशंटच्या बाबतीत तुम्ही सल्ले देऊ नका असं तुम्हाला आधीही सांगितलंय, ते म्हणाले. मग जरा मऊ होऊन म्हणाले, "अक्का, असा काही नवा ताप असता तर आपल्याला पत्रक नसतं का आलं?"

 अक्का बाहेर गेल्या, वही घेऊन आल्या, सोमवारचं पान उघडून टेबलावर ठेवलं. 'वाचले'. खाली डॉक्टरांची सही, लांब शेपटीची.

डॉक्टरांनी घडी उलगडली. वाचायला लागले. वाचून झालं तसे कानापर्यंत लाल झाले.

"घडी घालून तर तुम्हीच देता," ते म्हणाले.

हे अक्कांना लागलं, कारण खरं होतं. 

"घडी माझी," त्या म्हणाल्या. "सही तुमची. आता रक्त घ्या."

रक्त घेतलं. जावई बाहेर रांगेतच बसले होते, सत्तेचाळिसाव्या नंबरवर. त्यांना नंबर सोडून आत बोलावलं, तेव्हा मागच्या बाईने अक्कांना ऐकवलं, की घरचा माणूस दिसतोय. अक्कांनी तेही गिळलं.

अहवाल आला. तोच ताप होता. लेकीचंही रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. पुढेही दोनदा तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ. जावई बारा दिवसांत उठून बसले आणि घरात मच्छरदाणी काढून टाकायची सगळ्यात जास्त घाई त्यांनाच झाली.

अहवालानंतरच्या सोमवारी नवं पत्रक आलं. परदेशातून आलेल्या एका पुरुषात नवा ताप आढळला आहे, सर्व डॉक्टरांनी मागील पत्रकाप्रमाणे सावध राहावं. अक्कांनी ते चिकटवलं, डिंक वाळेपर्यंत अक्षर लावून वाचलं, आणि घडी घातली नाही.

मग त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. त्यांनी सवयीने पेन वळवलं, तर सहीची जागा सापडेना. पान भरून मजकूर.

"साहेब, जरा वाचून दाखवा," अक्का म्हणाल्या. "मला नीट वाचता येत नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. सासूपुढेही नाही. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा चढवला आणि वाचायला लागले. निम्म्यात थांबून म्हणाले, "हा पेशंट आपल्याकडचाच का?"

"पुढे वाचा, साहेब."

पाच खोल्यांना त्या दिवशी दोन तास लागले. पत्रकं हल्ली अडून राहायला लागली आहेत, अशी तक्रार मोठ्या डॉक्टरांनी महिनाअखेरीला केली. अक्का दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.