वाकडं बोट

विनोदिनीबाईंनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण बत्तीस आडव्या आणि बत्तीस उभ्या चौकोनी घरांत आख्खा हात बसवायची वेळ आली ती निवृत्तीनंतर. त्यांचा भाचा अवधूत आदिलाबादला संगणकाचे प्रोग्राम करायचा. जैनथ गावच्या एका जिनिंग कारखान्यासाठी त्यानं कापसाच्या गाड्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम केला होता.

"आत्या, माउसचा बाण काढून तिथं आईचा हात ठेवतो. बोट वाकडंच काढ. तिचं होतं तसं."

वहिनीचं ते बोट बाई कशा विसरतील? त्याच बोटानं ती अंगणातल्या रांगोळीचे ठिपके मोजायची, आणि मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस आलेखाच्या कागदावर बाईंचं खोडरबर चाललं. डावीकडे रोखलेलं बोट, उजवीकडे मनगट, मनगटावर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. बोटाच्या टोकाला, अवधूतनं सांगितलं तसं, एक घर लाल केलं. डावीकडून दुसरं, वरून सतरावं.

"हेच दोन आकडे प्रोग्रामात लिहा लागते," तो म्हणाला होता. "नाही लिहिले त वरचा डावा कोपराच टोक धरते ते."

उद्घाटनाला बाईंना पुढं बसवलं. मॅनेजर माणिकरावांनी गावांच्या यादीत पडद्यावरचं बोट बेल्यावर नेलं आणि माउस दाबला. वरच्या ओळीतलं जैनथ निवडलं गेलं. पुन्हा दाबला. पुन्हा जैनथ.

"काऊन हो अवधूतभाऊ, बेल्याच्या गाड्या जैनथले पळवून राह्यले का तुमी?"

लोक हसले. अवधूत पडद्याकडे बघतच म्हणाला, "आत्यानं बोट वाकडं काढलं ना. वय झालं तिचं. बाण लावून देतो."

त्यानं एकदा तरी आपल्याकडं बघावं म्हणून बाई थांबल्या. तो बघेना. मग त्या उठल्या.

"माणिकराव, सरका जरा."

त्यांनी बोट बेल्याच्या खाली, कोऱ्या जागेवर नेलं. चित्राचा रिकामा कोपरा बेल्यावर आला. माउस दाबला. बेला.

"टोक कोपऱ्यात राहून गेलं," बाई म्हणाल्या आणि पर्समधला कागद टेबलावर पसरला. "इथं हवं होतं."

माणिकरावांनी लाल घर पाहिलं, मग अवधूतला पाहिलं. "आकडेच टाकले नाही का, भाऊ?"

अवधूतनं दोन-चार कळा दाबल्या. हात गेला, पांढरा बाण आला. बेला बरोबर निवडलं गेलं आणि टाळ्याही वाजल्या.

बाहेर ऑटोपाशी तो मागून आला. "एवढ्या लोकायपुढं कसं कबूल करू, आत्या? पयलंच मोठं काम माझं. कागद दे, उद्या हात परत बसवतो. दोन आकड्यांचं त काम आहे."

"दोनच आकड्यांचं होतं," बाई म्हणाल्या. "अन् तू आईच्या बोटावर ढकललं."

बोटावर घडी येणार नाही असा त्यांनी कागद दुमडला, पर्समध्ये ठेवला आणि ऑटोवाल्याला चल म्हणाल्या.